कापलेला काठ

यादोराव कोतवाल दुकानात आले की आधी पाणी मागत. प्यायला नव्हे, हात धुवायला. पायरीवर उकिडवे बसून तांब्यातल्या पाण्याने मनगटापर्यंत हात धुवायचे, खिशातल्या वेगळ्या रुमालाला पुसायचे, आणि मग पिशवीतून लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी असं जपून काढायचे, की बघणाऱ्याला वाटावं आत पोथी आहे. आत मोबाइल असायचा. एकदा मी म्हटलं, "बाबा, मोबाइलसाठी कायले एवढे हात धुता? थो का मैला होते?" ते म्हणाले, "मोबाइल होऊ दे मैला. आतमंधी कागुद हायेत नं, बाई."

अड्याळच्या बाजाररस्त्यावर माझं फोटो-झेरॉक्सचं दुकान आहे. आधी नवऱ्याचा स्टुडिओ होता. ते शेतीत रमले आणि दुकान माझ्याकडे आलं. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम यांच्या जोडीला गेली काही वर्षं एक काम वाढलं आहे, ते म्हणजे जुन्या नोंदी छापून देणं. मुलांच्या जातपडताळणीला आज्या-पणज्याची नोंद लागते. पूर्वी गावच्या कोतवालाकडे जन्म-मृत्यूची वही असे, त्या वह्या आता पवनीच्या तहसिलीत, रेकॉर्ड रूममध्ये कापडी बस्त्यांत बांधून ठेवल्या आहेत. लोक साहेबांना विचारून पानाचा फोटो काढतात आणि माझ्याकडे येतात. फोटो वाकडा असतो, त्यात टेबलाचा कोपरा असतो, कोणाचा तरी अंगठा असतो. मी तो सरळ करते, कडा कापते, उजळवते, छापते. हे काम मी फार नीट करते असा माझा लौकिक होता. मला स्वतःलाही तसंच वाटायचं.

यादोराव निवृत्त कोतवाल. बाप कोतवाल, आजाही कोतवाल. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि माणसं पुनर्वसनात आली. तिथे सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट. पण बाबा पत्ता सांगायचे तो जुन्या गावाचाच. "नाल्याकाठचे रंगारी" म्हणायचे, तेव्हा नाला पाण्याखाली जाऊन कित्येक वर्षं झालेली. नोकरीत असताना सायकलच्या कॅरिअरला बस्ता बांधून त्यांनी पवनीच्या इतक्या खेपा केल्या होत्या, की कोणती वही कोणत्या फळीवर आहे हे त्यांना कारकुनापेक्षा जास्त ठाऊक. निवृत्तीनंतर तेच त्यांनी काम करून घेतलं. कोणाच्या पोराचं अ‍ॅडमिशन अडलं, की बाबा त्याच्यासोबत रेकॉर्ड रूममध्ये. पानं उलटायला बोटाला थुंकी लावलेली त्यांना खपत नसे. खिशात लहान पोरांचा रंगाचा ब्रश असायचा, त्याने पानावरची धूळ झाडत.

पहिल्याच भेटीत आमचं वाजलं. एका मुलीसाठी त्यांनी पान आणलं होतं. मी ते स्वच्छ कापून, नोंदीची ओळ मधोमध घेऊन झकास छापून दिलं. बाबांनी कागद दोन्ही हातांनी धरला, डोळ्यांशी नेला, लांब नेला.

"गाव कुठी गेलं?" ते म्हणाले.

"कोणतं गाव?"

"वरतं गावाचं नाव होतं, बाजूले पानाचा नंबर होता. तू कापून टाकलं. आता हा जनम कोण्या गावचा म्हणाचा?"

मी म्हटलं, स्टुडिओत अठरा वर्षं काढली, मला शिकवू नका. ते शांतपणे स्टुलावर बसले. म्हणाले, "फोटोत तोंड मधात असते, बाई. कागदात तसं नसते. कागदाचं निम्मं बोलणं काठावर असते." मी पुन्हा छापून दिलं, पण तोंड वाकडं करूनच. माझा स्वभाव टापटिपीचा. पिवळी पडलेली, कुरतडलेली कड मला ताटातल्या खरकट्यासारखी दिसते, हात आपोआप पुसायला जातो.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. स्क्रीनवर मृत्यूची नोंद आली की ते डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत. जात कोणतीही असो, नाव ओळखीचं असो नसो. एकदा दुसऱ्या गावच्या एका बाईने तापाच्या साथीच्या वर्षाची सगळी पानं आणली. त्या दुपारी बाबा जे उघड्या डोक्याने बसले ते चार वाजेपर्यंत. येणारी गिऱ्हाइकं मला हळूच विचारत होती, यांच्या घरी काही झालं का.

आणि पाटलाच्या नातवाची गोष्ट तर दुकानात अजून सांगतात. जुन्या गावच्या पाटलाचा नातू मुलीच्या ॲडमिशनसाठी आज्याची नोंद शोधून थकला होता. बाबांनी ती दुसऱ्याच वर्षाच्या वहीत काढून दिली. मी छापली. कागद देताना बाबा म्हणाले, "तुमच्या आज्याचा जनम माह्या आज्यानं लिवला. तुमच्या घरी त्याले पायरीच्या वर याले मनाई होती. आंगणातून इचारलं, पोरगा का पोरगी, अन् उभ्याउभ्या लिवलं. पण अक्षर पाहा. एक काना सुटला नाही. माह्या आज्याले जे सांगतलं, थे त्यानं लिवलंच." तो माणूस गोरामोरा झाला आणि एकदम वाकला. बाबा दोन पावलं मागे सरकले. "पाया-बिया नको पडू गा, मागं लाइन हाय."

आज्याविषयी बोलताना त्यांचा आवाज असा भरून यायचा. घरात देवाचा फोटो नव्हता. बुद्ध आणि बाबासाहेब होते, आणि त्यांच्या खाली खिळ्याला आज्याची लाल-निळी पेन्सिल दोऱ्याने बांधून टांगलेली.

ती मी पाहिली, कारण एकदा त्यांच्या आईचा फोटो काढायला मला पुनर्वसनात जावं लागलं. म्हातारी नव्वदीच्या घरातली. जन्मभर बिड्या वळून बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या, कुठल्याच मशीनवर ठसा उठत नव्हता, म्हणून कागदपत्रांना ताजा फोटो लागत होता. सोनाबाई नाव. मांडीवर सूप नसतानाही बोटं पान वळल्यासारखी हलत राहायची. फोटो काढून झाल्यावर तिने मला जवळ बसवलं.

"तू कागदं छापते म्हणे."

"हो, माय."

"यादोच्या आधी मले पोरगी झाली होती. आठ दिवसांची होऊन गेली. बारसं झालं नाही, तं वहीत नाव कुठून लागन? नुसतं मुलगी म्हणून लिवत. पण म्या नाव ठेवलं होतं. सासऱ्याले कानात सांगतलं. म्हटलं, मामाजी, एवढं लिवून ठेवा. थे म्हणे, नोंदीच्या घरात नाही बसत सोना, पण काठावर लिवतो."

मी सहज विचारलं, "काय नाव होतं, माय?"

तिने मान हलवली. "गेलेल्या लेकराचं नाव घेऊ नये म्हणत, मागचं जगत नाही म्हणत. म्या नाही घेतलं. यादो जगला. आता तोंडातून निंगतच नाही. लिवलं असन तं तुमीच मले वाचून सांगा. तुमी म्हटलं, का मंग मीही म्हणीन."

बाबा दाराशी उभे होते. परत येताना म्हणाले, "धा वर्षांपासून थेच वही पाहून राहिलो." त्या वर्षाची वही जागेवर नव्हती. लोकांच्या नोंदी शोधता शोधता ते खरं तर ती एक शोधत होते. एका नावासाठी. आईचे दिवस थोडे राहिले होते, आणि ते नाव तिच्याखेरीज जगात एकाच ठिकाणी असण्याची शक्यता होती.

ती वही सापडली त्या दिवशी ते हात धुवायचेही विसरले. दुसऱ्याच गावाच्या बस्त्यात बांधली गेली होती. आठवडी बाजार, त्यातून ॲडमिशनचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. बाबा लोकांना बाजूला सारत काउंटरशी आले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनची तारीख मिळायची होती.

"सापडली, बाई. मुलगी म्हणून ओळ हाय. अन् काठावर निळं काईतरी हाय. मले दिसून नाही राहिलं. कागुद पापडावानी झाला हाय, हात लावला का तुटते, म्हणून फोटोच काढला. तू मोठं करून छाप."

"ठेवा, बाबा. उद्या या."

"बाकीचे कसेही काप. हा एक कापजो नको."

"हो, बाबा."

मी ऐकलं होतं. पुढे स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं, की गर्दीत नीट ऐकू आलं नसेल. तसं नाही. मी ऐकलं होतं आणि एका पोराचा पासपोर्ट फोटो कापत "हो" म्हटलं होतं. बाबा म्हणाले होते मोबाइल भरला आहे, तोही खाली कर. मी फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि मोबाइलमधून काढले. संध्याकाळी एकामागून एक बारा पानं सरळ केली, कडा कापल्या, डाग पुसले. माझी सवय अशी, की त्याच फाइलवर सेव्ह करायचं, दोन-दोन ठेवून जागा कशाला अडवायची. आणि दुकान बंद करताना कचऱ्याची टोपली रिकामी करायची, घरातलीही आणि कॉम्प्युटरमधलीही.

ते पान माझ्या डोळ्यांपुढून गेलं. डाव्या कडेला निळसर, तिरपं काही होतं. मी कापायची रेघ आत ओढली. एवढंच. एक सेकंदही लागला नसेल.

दुसऱ्या दिवशी बाबा सकाळीच आले. हात धुतले, पुसले. मी जाड कागदावर छापलेलं पान त्यांच्यासमोर ठेवलं. पांढरंशुभ्र, ठळक, "मुलगी" हा शब्द चांगला बोटभर मोठा. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, ते डावीकडे सरकवत नेलं आणि कागद संपला तिथे थांबवलं.

"काठ कुठी हाय?"

तेव्हा मला कळलं. दुकानात चार माणसं होती, त्यांच्यात माझा नीट कामाचा डंका होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "डाग होता, बाबा. शाईचा. म्हणून साफ केला."

"नाव नव्हतं?"

"नाही."

"तू नीट पाह्यलं?"

"मोठं करून पाह्यलं."

चूक तर माणसाकडून होते. पण "मोठं करून पाह्यलं" ही चूक नव्हती. ते मी शुद्धीवर राहून म्हटलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी जिथे असेन तिकडे पाहिलं, आणि मान डोलावली. ज्या बाईला त्यांनी काठ म्हणजे काय ते शिकवलं, ती खोटं बोलेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. पान लाल कापडात गुंडाळून ते गेले. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून हाताने भिंत चाचपत उतरले.

मग मी काय काय केलं ते सांगते, पण त्याने काही धुतलं जात नाही. नागपूरहून एक सॉफ्टवेअर आणलं, पुसलेल्या फाइली परत काढणारं. त्यातून लोकांच्या लग्नातले हार आले, कोणाचं बाळ आलं, आणि ते पान आलं ते वरून तीन बोटं. खाली सगळी करडी पट्टी. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाचं काम म्हणून पवनीला गेले. कारकुनाने बस्ता सोडला, वही काढली. त्या पानाची डावी कड वरपासून खालपर्यंत झडली होती. बाबांनी फोटो काढल्यावर कोणीतरी ती वही पुन्हा बांधली असेल, गाठ ओढली असेल. बस्त्याच्या कापडात तपकिरी चुरा पडला होता, वाळल्या तेंदूपानासारखा. मी त्यात बोटं घालून निळं काही दिसतं का पाहू लागले. कारकून म्हणाला, "काय शोधून राहिल्या, मॅडम?" मी म्हटलं, काही नाही.

डोळे मिटले की मला आजही ते निळं दिसतं. तीन अक्षरं असावीत. शेवटच्याचा काना लांब ओढलेला होता. पहिलं अक्षर कधी स वाटतं, कधी म. पण अक्षरं होती, एवढं मी कोणापुढेही सांगेन. डाग असा तिरपा, एका रेषेत पडत नाही.

बाबा पंधरा दिवसांनी आले, दुसऱ्या कोणाचं काम घेऊन. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं.

"मायले सांगतलं. काठावर काई नव्हतं म्हटलं. थे बोलली, मामाजी मले खोटं बोलले तं. अन् भितीकडं तोंड करून निजली."

"मंग नाव?"

"इचारलं म्या. म्हणते, ज्याईनं लिवाचं त्याईनं नाही लिवलं, आता मी कायले बोलू."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. बाबांना नाही तर निदान म्हातारीला. माय, लिहिलं होतं. तुझ्या सासऱ्याने शब्द पाळला, कापलं ते मी. एवढं ऐकून ती मला चार शिव्या देती, आणि मग कदाचित ते नाव तोंडातून काढती. दोनदा स्कूटी काढून पुनर्वसनाच्या फाट्यापर्यंत गेले. एकदा फाट्यावरच्या टपरीत चहा पिऊन परतले, दुसऱ्यांदा चहाही न पिता. मला भीती कशाची होती? दुकान काही बुडणार नव्हतं. बाबा ओरडणारे नव्हते. मला वाटतं, ते ओरडणार नाहीत याचीच होती.

धानाची कापणी उरकली आणि सोनाबाई गेली. मी मातीला गेले होते, बायकांच्या मागे उभी राहिले. ते नाव तिच्याबरोबर गेलं. जगात ते दोनच ठिकाणी होतं. एक मी कापलं आणि दुसरं माझ्यामुळे बंद झालं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबाही गेले. ते मला गिऱ्हाइकाकडून कळलं, दोन दिवस उशिरा. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिली आहे ती त्याच्या आधीची एक भेट.

आईच्या पुण्यानुमोदनासाठी त्यांना वंशावळ छापून भिंतीवर लावायची होती. मोतीबिंदू काढून झाला होता, जाड चष्मा आला होता. माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि एकेक नाव सांगू लागले, मी चौकटी करत गेले. वर आजा. त्यांच्या खाली बाप आणि सोनाबाई. त्यांच्या खाली मी यादोरावांची चौकट ओढली.

"थांब," ते म्हणाले. "माह्या आधी एक काढ."

मी काढली. ते वाकून स्क्रीनकडे पाहत राहिले.

"काय लिहू, बाबा?"

"काई नको लिवू. रिकामी ठेव. अन् माह्यापेक्षा लहान नको करू, मोठी होती थे."

मी चौकट मोठी केली. रेघ दोनदा वाकडी गेली, दोनदा पुसून पुन्हा ओढली. बाबांना वाटलं माझा जीव आईसाठी कळवळतो आहे. मला धीर द्यायला म्हणून ते बोलू लागले.

"आज्यावर राग नाही माहा. पहिले आला होता, आता नाही. त्या सालची पानं तू पाह्यली नं? तापाची साथ होती. एकेका घरी दोन-दोन नोंदी. घरोघर जाऊन आंगणात उभा राहून लिवाचं, अन् घरी आलं तं सोताची नात गेलेली. माणूसच होता थो. इसरला असन बिचारा. मायचं नशीब, अन् काय. म्या मनातून माफ करून टाकलं त्याले."

प्रिंटरमधून वंशावळ हळूहळू बाहेर येत होती. आधी आज्याचं नाव आलं. दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं, बाजार नव्हता, घाई कसलीच नव्हती. बाबा चष्मा पुसत होते. ज्याने दिलेला शब्द काठावर लिहून पाळला होता, त्याला ते माझ्यासमोर बसून माफ करत होते. मी कागद उचलला, त्यांच्या दोन्ही हातांवर ठेवला आणि म्हटलं, "शाई ओली हाय, बाबा. जपून न्या."